खान चेकॉव्हला ओळखतो कसा? आणि तुमची इतर पत्रं

या वेळची चारही पत्रं 'स्टार ट्रेक' या अंतराळजहाजावरच्या अमेरिकन मालिकेवरची आहेत. हिंदी मालिकांवर विचारणाऱ्यांनी रागावू नये, तुमचा नंबर पुढच्या अंकात. ही पत्रं एकत्र ठेवली कारण चौघांनीही एकच उद्योग केलाय: मालिकेने जे सांगितलं नाही, ते स्वतः रचून काढलंय. मुलं याला 'हेडकॅनन' म्हणतात.

'रॅथ ऑफ खान' हा 1982चा चित्रपट परवा मुलाबरोबर पाहिला. खलनायक खान जहाजावरच्या चेकॉव्हला बघताक्षणी नावानिशी ओळखतो. पण मूळ मालिकेत खान येतो त्या भागात चेकॉव्ह नाहीच. मुलगा म्हणतो, तो जहाजावर होताच, फक्त कॅमेऱ्यासमोर नव्हता. मी म्हणतो, लेखकाचा घोळ. बासुंदीची पैज लागली आहे. (सातारा)

बासुंदी मुलाला द्या. घोळ लेखकाचा आहे, यात वादच नाही. खानचा भाग फेब्रुवारी 1967मध्ये दाखवला गेला, म्हणजे पहिल्या हंगामात. चेकॉव्हचं काम करणारे वॉल्टर केनिग आले दुसऱ्या हंगामात, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. पंधरा वर्षांनी चित्रपट करताना हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. पण तुमची पैज 'घोळ कसा झाला' यावर नाही, 'चेकॉव्ह जहाजावर होता का' यावर आहे. तिथे मुलाच्या बाजूने चक्क कागदोपत्री पुरावा निघतो. जहाजाची नोंदवही 'स्टारडेट' नावाच्या आकड्याने सुरू होते. खानच्या भागाचा आकडा 3141.9. आणि 'कॅट्सपॉ' नावाच्या भागात, जिथे चेकॉव्ह आपल्या खुर्चीवर बसलेला स्वच्छ दिसतो, आकडा आहे 3018.2. म्हणजे आधीचा! आता हे आकडे लेखक मंडळी बरीचशी अंदाजपंचे टाकायची, त्यामुळे कोर्टात टिकणारा साक्षीदार नव्हे. घरातल्या पैजेला पुरे.

खरी गंमत पुढे आहे. होता तर होता, पण चारशेच्या वर माणसं असलेल्या जहाजावर खानला नेमका याचाच चेहरा का लक्षात राहावा? नव्वदीपर्यंत डोंबिवलीत माझी व्हिडिओ लायब्ररी होती. या चित्रपटाची कॅसेट परत करायला येणारं गिऱ्हाईक काउंटरला टेकून हेच बोलत उभं राहायचं, आणि मागे रांग खोळंबायची. बँकेत कामाला असलेले एक गृहस्थ होते, कॅसेट कधी रिवाइंड करून आणायचे नाहीत, पण डोकं तल्लख. त्यांचं म्हणणं असं: मूळ भागात खान दवाखान्यात पडल्या पडल्या जहाजाची तांत्रिक माहिती वाचायला मागतो, जहाजाचा कप्तान कर्क ती देतो. तिथेच त्याने कर्मचाऱ्यांची यादीही फोटोंसकट वाचून टाकली असणार. दुसरा एक कॉलेजचा मुलगा. तो म्हणायचा, खानने जहाज ताब्यात घेतलं ते इंजिनरूममधून. चेकॉव्ह तेव्हा तिथे साध्या हुद्द्यावर होता आणि त्याने खानच्या माणसांना आडवं जायचा प्रयत्न केला.

मी त्या मुलाच्या बाजूची. का, तर चित्रपटात खान समोर येण्याआधीच चेकॉव्हला एका बक्कलवर 'बॉटनी बे' हे खानच्या जुन्या जहाजाचं नाव दिसतं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडतो. 'चला, निघा इथून' अशी त्याची घाई सुरू होते. यादीत नाव असलेला माणूस एवढा घाबरत नाही, मार खाल्लेला घाबरतो. यादीच्या कथेने खानचं ओळखणं जमतं, चेकॉव्हची भीती सुटते. इंजिनरूमच्या कथेने दोन्ही जमतं. मनाने रचलेली कथा मी अशीच जोखते: पडद्यावरच्या किती गोष्टींचा हिशोब ती एका फटक्यात लावते, आणि त्यासाठी पडद्यावरचं काही खोडावं लागतं का.

खुद्द केनिग यांची कथा मात्र सगळ्यांच्या वरताण. चाहत्यांच्या मेळाव्यांत ते सांगत आले आहेत की चेकॉव्ह जहाजाच्या संडासात आत बसला होता आणि बाहेर खान ताटकळत होता. अखेर दार उघडलं तेव्हा खान म्हणाला, तुझा चेहरा मी जन्मात विसरणार नाही! चाळीत वाढलेल्या कुणालाही ही कथा पटेल. पहाटे पाचला डबा घेऊन उभ्या असलेल्या माणसाची स्मरणशक्ती फार तीक्ष्ण असते.

खान नूनियन सिंग! खानही आणि सिंगही! माझ्या पंजाबी सहकाऱ्यांनी एकदा यावरून मला हसून हसून बेजार केलं. मी मग एक उपपत्ती बसवली: 'सिंग' हे त्याचं मूळ आडनाव, 'खान' ही सत्तेवर आल्यावर त्याने स्वतः लावलेली पदवी. हे चालेल का? (न्यू जर्सी, मूळ कोल्हापूर)

चालेल काय, धावेल. आधी या नावाची खरी कुळकथा सांगते. सुरुवातीच्या मसुद्यात हे पात्र नॉर्डिक वंशाचा गुन्हेगार होतं. फेरलेखनात त्याचा भारतीय झाला. नूनियन आणि सिंग कुठून आले, तर मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांना युद्धकाळात भेटलेल्या किम नूनियन सिंग नावाच्या मित्रावरून. नाव ऐकून तो कधीतरी संपर्क साधेल अशी त्यांना आशा होती, असं सांगितलं जातं. मग अभिनेते घेतले रिकार्दो मोंताल्बान, मेक्सिकोचे. दाढी नाही, फेटा नाही. जहाजावरची इतिहासतज्ज्ञ त्याच्याकडे बघून अंदाज करते की हा उत्तर भारतातला, बहुतेक शीख असावा, आणि पुढे त्याचं फेटा बांधलेलं चित्रही रंगवते! म्हणजे फेटा एकदा दिसलाय, पण फक्त तिच्या कॅनव्हासवर. तीसुद्धा चाहतीच म्हणायची, नाही का? समोर नसलेलं रंगवून मोकळी.

आता तुमची उपपत्ती. शतकांच्या झोपेतून शुद्धीवर आल्यावर कर्क त्याला नाव विचारतो, तेव्हा तो नुसतं 'खान' सांगतो. आणखी काही नाही? तर नाही. पूर्ण नाव नंतर कर्कचा सहकारी स्पॉक जुन्या नोंदींतून काढतो. राजा स्वतःची ओळख पदवीने करून देतो आणि दप्तरात मूळ नाव सापडतं, असं वाचलं की तुमचं गणित सुटतं. आणि आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. शाइस्ताखानाचं नाव कुठे शाइस्ताखान होतं? मिर्झा अबू तालिब तो, बाकी बादशहाने दिलेली पदवी. हे तुमच्या पंजाबी मित्रांना सांगा.

एक धोक्याची सूचना. 1967च्या मालिकेप्रमाणे, जनुकं सुधारून घडवलेल्या खानने 1992 ते 1996 या काळात पृथ्वीच्या पाव भागाहून जास्त प्रदेशावर, आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत, राज्य केलं. आम्ही 1992 ते 1996 इथेच होतो, असला कुणी राजा पाहिला नाही. मग ही चार वर्षं घालायची कुठे? ग्रेग कॉक्स यांनी 2001 आणि 2002मध्ये दोन कादंबऱ्या लिहून सांगितलं की खानच्या वेळची युद्धं आपल्या नेहमीच्या बातम्यांच्या आडून, गुपचूप झाली. मला हे फार आवडलं होतं, कारण त्यात वर्षांना हात न लावता खान आपल्या खऱ्या इतिहासात बसवलाय. पण 2023मध्ये 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या नव्या 'स्टार ट्रेक' मालिकेने लहानगा खान थेट एकविसाव्या शतकातल्या टोरंटोत दाखवला. म्हणे काळात मागे जाऊन लोकांनी लुडबुड केल्यामुळे सगळं तीस वर्षं पुढे ढकललं गेलं. म्हणजे मालिकेने आपली सोय बघितली. ज्या संस्थेत तो पोरगा वाढतोय तिचं नाव मात्र 'नूनियन-सिंग इन्स्टिट्यूट'. म्हणजे आडनाव दप्तरातून आलं, हा तुमचा अर्धा भाग आणखी पक्का झाला.

आणि 2013च्या चित्रपटात बेनेडिक्ट कंबरबॅच हा गोरापान इंग्रज खान कसा झाला, हे मला विचारू नका. त्यासाठी कॉमिक्स काढून शस्त्रक्रियेने चेहरा बदलल्याची कथा सांगावी लागली. हे ठिगळ आहे, उपपत्ती नाही. शीख माणसाच्या भूमिकेसाठी शीख किंवा निदान भारतीय नट घ्यावा हे त्यांना सुचलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दूरदर्शनवर पाहिलेल्या जुन्या मालिकेत क्लिंगॉन या परग्रहावरच्या लोकांची कपाळं आपल्यासारखी सपाट होती. आता सगळ्यांच्या कपाळावर हाडांच्या वळ्या. माझ्या मते त्यांच्यात दोन वेगळ्या जमाती आहेत. बरोबर? (म्हापसा)

ही जमातींची कथा बरीच वर्षं जगली. 1994मध्ये मेली. त्या वर्षी 'डीप स्पेस नाइन' या पुढच्या 'स्टार ट्रेक' मालिकेत कोर, कोलॉथ आणि कँग हे जुन्या मालिकेतले तीन क्लिंगॉन परत आले. पात्रं तीच, नटही तेच तिघे, आणि तिघांच्याही कपाळावर वळ्या. तोच माणूस दोन जमातींत कसा असेल?

खरं कारण पैशाचं. 1967मध्ये रंग, भुवया आणि मिशा एवढ्यावरच भागवावं लागायचं. 1979च्या चित्रपटाला मेकअपसाठी पैसा होता. पण हे कारण जहाजाच्या आतल्या माणसांना कसं सांगणार? 1996च्या एका भागात नव्या मालिकेतली मंडळी काळात मागे जाऊन सपाट कपाळाचे क्लिंगॉन बघतात आणि चक्रावून आपल्या क्लिंगॉन सहकाऱ्याकडे, वॉर्फकडे, बघतात. एक म्हणतो जनुकांचा प्रयोग असेल, दुसरा म्हणतो विषाणू. वॉर्फ घुश्श्यात एवढंच सांगतो की आम्ही हा विषय बाहेरच्यांशी बोलत नाही. बस्स. काहीतरी लाजिरवाणं घडलंय एवढं कळलं, आणि काय ते प्रत्येकाने आपापलं ठरवायचं.

2005मध्ये 'एंटरप्राइझ' मालिकेने दोन भाग खर्चून खुलासा केला: खानच्या काळातली सुधारित मानवी जनुकं वापरून क्लिंगॉनांनी प्रयोग केला, त्यातून विषाणू पसरला, कपाळं सपाट झाली. म्हणजे 1996चे दोन्ही अंदाज एकत्र कालवले. नीटनेटकं आहे, कुठे फट नाही. मला मात्र वॉर्फ जास्त आवडतो. घराण्यातली एखादी गोष्ट 'तो विषय नको' म्हणून वडीलधाऱ्यांनी झाकलेली असते ना, तिच्यात जी मजा असते ती वकिलाच्या खुलाशात नसते. तुमच्या दोन जमाती गेल्या याचं वाईट वाटून घेऊ नका. वॉर्फ कुणाला काय सांगत नाही, यावर अजून बरंच रचता येईल.

माझी मुलगी नववीत आहे. तिने दोन वह्या भरून जहाजावरच्या उहुराचं बालपण लिहिलं: केनियातलं घर, आईवडील, भाऊ, भाषा शिकण्याचं वेड. मग तिने 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' पाहिली. त्यात उहुराचे आईवडील आणि भाऊ अपघातात गेल्याचं सांगितलं आहे. ती म्हणते, वह्या रद्दीत टाका, सगळं खोटं ठरलं. काय समजावू? (नागपूर)

वह्या आधी तुमच्या कपाटात ठेवा, तिच्या हाती लागतील अशा नको.

मग तिला हे सांगा. मूळ मालिकेत उहुराला पहिलं नावच नव्हतं. 'न्योटा' हे नाव विल्यम रॉट्स्लर यांनी 1982मध्ये पात्रांच्या चरित्रांचं एक पुस्तक करताना सुचवलं. पडद्यावर ते उच्चारलं गेलं 2009मध्ये. जहाजावरच्याच सुलूचं 'हिकारू' हे नाव व्होंडा मॅकिन्टायर यांच्या 1981च्या कादंबरीतलं. चित्रपटात यायला 1991 उजाडलं. त्याही आधी, 1967मध्ये, न्यूयॉर्कमधल्या दोन चाहत्या बायकांनी 'स्पॉकानेलिया' नावाचा अंक सायक्लोस्टाईलवर छापला. स्पॉकच्या ग्रहावरची माणसं कशी जगतात, बोलतात, नाती कशी असतात, हे त्यात अगदी गांभीर्याने रचलेलं होतं; स्पॉकचं काम करणारे खुद्द लेनर्ड निमॉय यांचं पत्रही पहिल्या अंकात आहे. त्या काळच्या चाहत्यांपैकी डोरोथी जोन्स यांनी घडवलेला 'नि व्हार' हा शब्द 2020मध्ये मालिकेने उचलला आणि स्पॉकच्या त्या व्हल्कन ग्रहाचं नवं नाव म्हणून लावला. ज्यांनी तो शाईच्या पानांवर पहिल्यांदा वाचला, त्यांना तेव्हा असं काही होईल असं सांगितलं असतं तर हसल्या असत्या.

आणि मालिका तरी कुठे स्वतःच्या शब्दाला जागते? 1966च्या एका भागात कर्कच्या नावाने थडगं तयार केलं जातं, त्यावर 'जेम्स आर. कर्क' कोरलंय. पुढे तो कायमचा 'जेम्स टी.' झाला. दगडावर कोरलेलं बदललं, तर वहीत लिहिलेलं खोटं कसं ठरतं?

तिला पुढे लिहायचंच असेल तर वाट अवघड नाही. उहुराचा अपघात तिच्या तरुणपणी घडतो. त्याआधीची वर्षं मालिकेने जवळजवळ मोकळीच सोडली आहेत. केनियातलं घर, भावाशी भांडणं, भाषांचं वेड यातलं काहीच खोडावं लागणार नाही. मालिकेप्रमाणे उहुराला सदतीस भाषा येतात. त्यातली पहिली परकी भाषा तिने कुणाकडून उचलली, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. शेजारणीकडून? बाजारातल्या दुकानदाराकडून? हे लिहायला नववीतली मुलगी माझ्यापेक्षा जास्त लायक आहे.

तिची तयारी असेल तर पहिली वही संपादकीय पत्त्यावर पाठवा. मूळ प्रत नको, झेरॉक्स. पानांना क्रमांक घाला आणि अक्षर लावायला लागणार नाही इतपत ठळक असू द्या. माझा चष्म्याचा नंबर पुन्हा वाढलाय.