पेनड्राइव्ह संगणकाला दिसेनासा झाला असेल, तर आधी तो कुठवर पोहोचतो ते पाहा

तुमचा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह गेल्या आठवड्यापर्यंत नीट चालत होता. आता तो लावल्यावर विंडोजचा आवाज येतो, पण 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्ह दिसत नाही, आणि दुसऱ्या संगणकावर मधूनमधून 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' अशी सूचना येते. त्यावर काही वर्षांचे फोटो आणि प्रबंधाचा मसुदा आहे आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही, असे तुम्ही शेवटी लिहिले आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नातले हेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

तुम्हाला पेनड्राइव्ह वाचवायचा आहे की त्यातल्या फायली, हे आधी पक्के ठरवा, कारण या दोन कामांच्या वाटा पहिल्याच पावलाला वेगळ्या होतात. पेनड्राइव्ह पुन्हा वापरता यावा म्हणून सर्वत्र सुचवले जाणारे बहुतेक उपाय, म्हणजे फॉरमॅट करणे, डिस्कपार्ट या विंडोजच्या साधनात 'क्लीन' ही आज्ञा देणे किंवा 'चेक डिस्क' चालवून दुरुस्ती करणे, हे सगळे त्या पेनड्राइव्हवर काही ना काही लिहितात. फायली परत मिळवायच्या असतील तर मात्र त्यावर नवे एक अक्षरही लिहिले जाता कामा नये. त्यामुळे मधेच कधी 'यू नीड टू फॉरमॅट द डिस्क' किंवा 'इनिशियलाइझ डिस्क' अशी खिडकी उघडली, तर 'कॅन्सल' दाबून ती बंद करा. ही खिडकी उघडली म्हणजे फायली गेल्या असे मुळीच नाही. विंडोजला तिथली मांडणी वाचता आली नाही, एवढाच तिचा अर्थ आहे.

आता 'ओळखत नाही' या शब्दांकडे वळू, कारण त्यांच्याखाली चारपाच निरनिराळे बिघाड दडलेले असतात. पेनड्राइव्हच्या टोकाशी डोकावून पाहिले तर चार सोनेरी पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन पट्ट्या विजेच्या असतात आणि मधल्या दोन डेटाच्या. कडेच्या पट्ट्या मुद्दाम थोड्या लांब ठेवलेल्या असतात, म्हणजे आधी ५ व्होल्टचा पुरवठा जोडला जावा आणि मग डेटाच्या तारा. वीज मिळाली की आतला कंट्रोलर, म्हणजे मेमरीचा कारभार पाहणारी चिप, जागा होतो आणि डेटाच्या एका तारेवरचा व्होल्टेज वर खेचतो. त्यावरून संगणकाला कळते की पोर्टला काहीतरी लागले आहे. मग संगणक त्याला रीसेट करून विचारतो की तू कोण, कोणत्या प्रकारचे उपकरण, तुला किती करंट हवा. याचे उत्तर नीट आले तर ड्रायव्हर लागतो, मग मेमरीचे आकारमान विचारले जाते, मग पार्टिशनचा (मेमरीच्या विभागांचा) तक्ता, मग फाइल सिस्टिम (फायली कुठे ठेवल्या आहेत याची मांडणी) वाचली जाते आणि सर्वांत शेवटी ड्राइव्हला अक्षर मिळते. ही साखळी यांतल्या कुठल्याही कडीपाशी तुटू शकते, आणि एका कडीचा उपाय दुसरीला काहीच कामाचा नसतो. म्हणून प्रत्येक उपाय करून पाहण्यापेक्षा साखळी कुठे तुटली ते शोधणे जास्त मोलाचे आहे.

तुमच्याकडे एका संगणकावर आवाज येतो आणि दुसऱ्यावर सूचना येते, म्हणजे वीज पोहोचते आहे, पण बोलणे कधी होते आणि कधी होत नाही. अशा वेळी माझा पहिला संशय जोडणीवर असतो. हब, एक्स्टेन्शन केबल आणि डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट तूर्त बाजूला ठेवा. पुढचे पोर्ट मदरबोर्डला आतल्या एका केबलने जोडलेले असतात. मागचे थेट मदरबोर्डवरच बसवलेले असतात, म्हणून मागचाच पोर्ट वापरा. पेनड्राइव्ह यूएसबी ३ चा असेल, तर त्याच्या आत नेहमीच्या चार पट्ट्यांच्या मागे आणखी पाच संपर्कबिंदू असतात. यूएसबी २ च्या जुन्या पोर्टमध्ये हे पाच वापरलेच जात नाहीत. त्यामुळे निळ्या पोर्टमध्ये अडखळणारा पेनड्राइव्ह काळ्या, जुन्या पोर्टमध्ये शांतपणे चालल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. वेग कमी मिळेल, पण आत्ता आपल्याला वेग नको आहे. पट्ट्यांवर काळपटपणा किंवा कापसाचे तंतू दिसले, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसा आणि पूर्ण सुकल्यावरच लावा. लावल्यानंतर तो हाताला चटका बसण्याइतका गरम होऊ लागला, तर लगेच काढा आणि पुन्हा लावू नका.

जोडणीचा बिघाड जवळून कसा दिसतो ते सांगतो. माझ्याकडे एक पेनड्राइव्ह आला होता. तो अंगठ्याने एका बाजूला दाबून धरला की दिसायचा आणि सोडला की नाहीसा व्हायचा. कवच उघडून भिंगातून पाहिले, तेव्हा टोकाचा धातूचा भाग जिथे सर्किटला जोडलेला असतो, तिथल्या सोल्डरच्या चार टाक्यांपैकी एकाभोवती केसाइतकी बारीक गोल भेग होती. लॅपटॉपला लावलेल्या पेनड्राइव्हला येता-जाता धक्के लागून सोल्डर असे सुटते. टाका पुन्हा मारल्यावर सगळ्या फायली जशाच्या तशा मिळाल्या. तुमच्याही पेनड्राइव्हला किंचित दाब दिल्यावर तो दिसत असेल, तर हीच शक्यता सर्वांत मोठी, आणि ती चांगली बातमी समजा. फक्त तो हलवत-दाबत फायली उतरवण्याच्या मोहात पडू नका. मधेच वीज तुटणे आणि परत येणे कंट्रोलरला सोसत नाही. आज फक्त टाका सुटलेला आहे, उद्या आतला तक्ताही बिघडेल. मोबाइल दुरुस्त करणारा कोणताही कुशल कारागीर हा टाका मारू शकतो. त्याला 'फक्त टाका मारा, संगणकाला लावून पाहू नका' असे स्पष्ट सांगा. अगदी चिमुकल्या, नखाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये मात्र कंट्रोलर आणि मेमरी एकाच काळ्या ठोकळ्यात ओतलेली असते. तिथे हा इलाज चालत नाही.

जोडणी स्थिर आहे अशी खात्री झाली की विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. निदानाच्या दृष्टीने ही एक खिडकी इतर सगळ्या युक्त्यांपेक्षा जास्त सांगते. पेनड्राइव्हची ओळ तिथे दिसते का, आणि दिसत असेल तर तिच्यापुढे आकारमान किती लिहिले आहे, हे वाचा. खोक्यावर ६४ जीबी असले तरी विंडोज ते साधारण ५८ ते ६० दाखवते, त्याने बिचकू नका. आकारमान बरोबर आहे, पार्टिशन 'हेल्दी' आहे आणि फक्त अक्षर नाही, असे असेल तर उजवे बटण दाबून 'चेंज ड्राइव्ह लेटर'मधून अक्षर द्या. याने फायलींना धक्का लागत नाही. मात्र तो पेनड्राइव्ह लिनक्सवर किंवा मॅकवर त्यांच्या स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर विंडोज त्याला वाचणारच नाही. तो त्या त्या संगणकावरच उघडावा. आकारमान बरोबर पण 'रॉ' लिहिलेले असेल, तर फाइल सिस्टिमची सुरुवातीची नोंद बिघडली आहे. 'अनअलोकेटेड' असेल, तर पार्टिशनचा तक्ता गेला आहे. या दोन्ही प्रकारांत फायली बहुधा जागेवरच असतात, आणि 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' ही सोपी वाटणारी आज्ञा तुम्ही दिलीत तर नुकसान तिथून सुरू होते.

'नो मीडिया' किंवा शून्य आकारमान दिसणे ही वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे. अशा वेळी कंट्रोलर बोलतो, पण त्याच्या मागच्या मेमरीपर्यंत तो पोहोचत नाही. मग कुठलेही रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून उपयोग नाही, कारण त्याला वाचायला काही मिळतच नाही. अशा पेनड्राइव्हसाठी 'कारखान्यात वापरतात ती साधने' म्हणून काही प्रोग्रॅम सुचवले जातात. ती साधने कंट्रोलरची आतली मांडणी नव्याने लिहितात. पेनड्राइव्ह कदाचित जिवंत होईल, पण कोरा होऊन. फायली हव्या असतील तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये ओळच नसेल, तर 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स'खाली पाहा. 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' आणि कोड ४३ दिसला, तर संगणकाच्या 'तू कोण' या पहिल्याच प्रश्नाला उत्तर मिळालेले नाही. ती नोंद 'अनइन्स्टॉल डिव्हाइस'ने काढा, पेनड्राइव्ह काढा आणि संगणक 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' नको, कारण विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे साध्या शट डाउननंतर ड्रायव्हरची जुनी स्थिती तशीच परत येऊ शकते. रीस्टार्टने सगळे नव्याने सुरू होते. दोनतीन वेगळ्या संगणकांवर हाच कोड आला, तर ड्रायव्हरचा विचार सोडून द्या. बिघाड पेनड्राइव्हच्या आत आहे, मग तो टाका असो, पडल्याने तुटलेला, कंट्रोलरला ताल देणारा स्फटिक असो किंवा कंट्रोलर.

आकारमान बरोबर दिसले तर पुढचे काम घरी करता येते, आणि ते एकाच क्रमाने करावे असे मी आग्रहाने सांगतो: आधी प्रतिमा, मग शोध. पेनड्राइव्हची पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जशीच्या तशी एक मोठी फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवायची आणि पेनड्राइव्ह काढून ठेवायचा. लिनक्समधले 'डीडीरेस्क्यू' हे मोफत साधन यासाठी फार चांगले आहे. ते आधी सहज वाचता येणारे भाग उतरवते, अडणारे भाग शेवटी पुन्हा पाहते, आणि कुठवर आले याची नोंद एका वेगळ्या फायलीत ठेवत जाते, त्यामुळे मधेच थांबले तरी तिथूनच पुढे चालू करता येते. कोणत्या डिस्कवरून वाचायचे आणि कुठे लिहायचे ही नावे आज्ञेत उलटी पडली, तर पेनड्राइव्हच पुसला जाईल, म्हणून आज्ञा देण्यापूर्वी ती दोनदा वाचा. प्रतिमा आणि त्यातून निघणाऱ्या फायली या दोन्हींसाठी मिळून १३० जीबीच्या आसपास मोकळी जागा लागेल.

मी हे इतके ठासून सांगतो, त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नातेवाइकाच्या पेनड्राइव्हवर मी थेट 'चेक डिस्क' चालवली होती. तिने तिच्या समजुतीप्रमाणे सगळे दुरुस्त केले. फोल्डर नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये क्रमांक घातलेले शेकडो निनावी तुकडे उरले. लग्नाचे फोटो त्यांतून वेचून काढायला कित्येक दिवस गेले आणि काही मिळालेच नाहीत. प्रतिमा आधी घेतली असती, तर तो प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करता आला असता.

प्रतिमा हातात आली की 'टेस्टडिस्क' हे पार्टिशन आणि फाइल सिस्टिम दुरुस्त करणारे साधन तिच्यावर चालवा. पेनड्राइव्ह एफएटी ३२ या फाइल सिस्टिममध्ये असेल तर आशा बरीच असते, कारण त्यात फायलींच्या वाटपाचा तक्ता सहसा दोनदा लिहिलेला असतो आणि सुरुवातीच्या नोंदीचीही एक राखीव प्रत असते. टेस्टडिस्क ती शोधून जुळवते, आणि फोल्डर, नावे, तारखा सगळे परत येते. ६४ जीबीचे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये असतात. तिथे सुरुवातीच्या नोंदीची प्रत असते, पण वाटपाचा तक्ता साधारणपणे एकदाच असतो. यातून काही साधले नाही, तर त्याच साधनाबरोबर येणारे 'फोटोरेक' वापरा. ते फाइल सिस्टिमकडे पाहतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फायलीची सुरुवात ठरावीक बाइटनी होते, त्या खुणेवरून ते फायली उचलते. नावे आणि फोल्डर यात मिळणार नाहीत, आणि तुकड्या-तुकड्यांत साठवलेली मोठी फाइल अर्धवट निघू शकते. फोटो मात्र बहुतेक चांगले निघतात, आणि वर्डचा मसुदा सापडला तर फायली उघडून तारखेवरून त्याची शेवटची प्रत ओळखावी लागेल. निघालेल्या फायली पेनड्राइव्हवर ठेवू नका, हे वेगळे सांगायला नको.

शून्य आकारमान, सगळीकडे कोड ४३ किंवा तापणे, यांपैकी काही असेल तर डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडेच जा. तिथे मेमरीची चिप काढून वाचतात. पण कंट्रोलर डेटा सरळ रांगेत ठेवत नाही. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून तो तुकडे विखरून, बऱ्याचदा विशिष्ट सूत्राने मिसळून लिहितो, आणि ते सूत्र उलगडण्यातच खरी मेहनत असते. त्यामुळे आधी कोणी काय काय करून पाहिले ते त्यांना लपवून न ठेवता सांगा.

तूर्त एवढेच करा: मागच्या बाजूच्या काळ्या पोर्टमध्ये पेनड्राइव्ह लावा, डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्याच्यापुढे काय लिहिले आहे आणि आकारमान किती दिसते ते शब्दशः इथे कळवा, आणि मग तो काढून बाजूला ठेवा. डीडीरेस्क्यूची नेमकी आज्ञा मी त्यावरून लिहून देईन.