वाचक विचारतात : हॅकेथॉनला उरलेल्या अन्नाचं ॲप नेऊ का?

प्रश्न : ताई, आमची चार जणांची टीम शाश्वत अन्नव्यवस्था या विषयावरच्या ३६ तासांच्या हॅकेथॉनला (म्हणजे ठरलेल्या वेळात काहीतरी बनवून दाखवायच्या स्पर्धेला) चाललीये. आयडिया अशी की मेसमध्ये उरलेलं अन्न ॲपवर टाकायचं आणि गरज असलेल्या संस्थांनी येऊन न्यायचं. मेंटॉर म्हणाले असली ॲप्स दरवेळी ढिगाने येतात, दुसरं काहीतरी बघा. आता आठवडाच राहिलाय. बदलू की रेटू?

उत्तर : मेंटॉरचं खरंय, मी परीक्षक म्हणून बसले तेव्हा एका दुपारी अशी सहा ॲप्स पाहिली आणि सहाव्यापर्यंत मलाच त्यांचा लॉगिन स्क्रीन पाठ झाला होता. पण आयडिया लगेच टाकून देऊ नका. आधी सांगा, उरलेलं म्हणजे नक्की कुठलं? ताटातलं उष्टं, पातेल्यातली शिल्लक, की चिरताना-सोलताना कचऱ्यात गेलेलं? तुमच्या पत्रात हे कुठेच नाहीये आणि सगळी गोम इथेच आहे. उष्टं कुणाला देता येत नाही. पातेल्यातलं देता येतं, पण शिजलेलं अन्न साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये पडून राहिलं की त्यात जंतू भराभर वाढतात, त्यामुळे कुणीतरी फोटो काढणार, कुणीतरी तो बघणार, मग गाडी शोधणार, यात दोन-तीन तास गेले की देणाऱ्यालाच धास्ती वाटते. म्हणजे तुमचा प्रॉब्लेम वेळेचा आणि तापमानाचा आहे, ॲप हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

मी असते तर काय केलं असतं सांगते. उद्यापासून मेसमध्ये तीन बादल्या ठेवा, एक उष्ट्याची, एक पातेल्यातल्या शिल्लकीची, एक चिरण्या-सोलण्याच्या कचऱ्याची. रिकाम्या बादलीचं वजन आधी घ्या (हे हमखास राहून जातं आणि मग सगळे आकडे किलो-किलोने फुगतात), प्रत्येक जेवणानंतर बादली काट्यावर ठेवा आणि त्या वेळी किती जण जेवले ते शेजारी लिहा. चार-पाच दिवसांत माणशी किती ग्रॅम वाया जातंय ते हातात येतं. कदाचित दिसेल की पातेल्यात फारसं उरतच नाही, सगळं ताटातून जातंय, मग अन्न वाटायच्या ॲपला अर्थच नाही, प्रश्न वाढणाऱ्याच्या हातातल्या डावाच्या मापाचा होतो. किंवा उलटं निघेल, पातेलीच भरलेली परत जातायत, तर मग उद्या कोण कोण जेवायला आहे हे आदल्या रात्री विचारणारा साधा फॉर्म आणि त्यावरून किती शिजवायचं ते सांगणारी शीट, एवढ्यानेही काम भागतं. आचाऱ्याशी मात्र बोला बरं का, त्याला तुमच्या शीटपेक्षा जास्त माहिती असते, फक्त त्याला कुणी विचारत नाही.

पहिल्या स्लाइडला जगाचा आकडा लागतोच, तो घ्या : संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरांतून, २८ टक्के हॉटेल-कॅन्टीनसारख्या ठिकाणांहून आणि १२ टक्के दुकानांतून. शेतापासून दुकानापर्यंतची नासाडी यात नाही, ती वेगळी मोजतात, दोन्हींची खिचडी केलीत की परीक्षक तिथेच पकडतात. एक ओळ बोला आणि थेट तुमच्या बादल्यांवर या.

प्रश्न : कुठला पदार्थ किती किलोमीटरवरून आला ते दाखवणारं ॲप करतोय, म्हणजे लोक जवळचं घेतील आणि कार्बन कमी होईल. चालेल ना?

उत्तर : ऐकायला पटतं, पण आकडे साथ देत नाहीत. बहुतेक पदार्थांच्या कार्बनमध्ये वाहतुकीचा वाटा छोटा असतो, मोठा हिस्सा शेतातला, जनावरांचा आणि त्यासाठी तोडलेल्या जंगलाचा. विमानाने येणारा नाशवंत माल मात्र अपवाद. तेव्हा नुसते किलोमीटर दाखवलेत तर लोकांना चुकीचीच गोष्ट शिकवाल. पदार्थ काय आहे आणि तो कसा पिकला, हे आधी दाखवा, अंतर नंतर. पॅकबंद मालाची माहिती हवी असेल तर ओपन फूड फॅक्ट्स हा २०१२ साली फ्रान्समध्ये सुरू झालेला खुला डेटाबेस आहे, बारकोडवरून चालतो, फुकट आहे. भरणारे लोकच असल्याने काही नोंदी अर्धवट असतात, डेमोला वापरायचे बारकोड आधी तपासून ठेवा.

प्रश्न : फळ खराब झालंय का ते गॅस सेन्सरने ओळखणारा डबा बनवतोय. डेमोला काय सांभाळायचं?

उत्तर : मागे एका ठिकाणी असाच डबा आला होता. पोरांनी रात्रभर जागून केलेला, दिसायला एकदम झकास, ताज्या केळ्याला हिरवा दिवा लागायचा. एका परीक्षकांनी हाताला सॅनिटायझर चोळलं, कौतुकाने डब्यात हात घातला, आणि केळं सडकं ठरलं. लाल दिवा जो लागला तो जाईचना. एमक्यू मालिकेतले स्वस्त सेन्सर एकाच वायूला ओळखत नाहीत, अल्कोहोललाही दाद देतात, हवेतल्या ओलीनेही रीडिंग सरकतं. वर त्यातल्याच एमक्यू-१३५ या सेन्सरची डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, तो आधी २४ तासांहून जास्त वेळ पॉवरला लावून तापवून ठेवायला सांगते. त्यामुळे हॉलमध्ये पोचलात की आधी सेन्सर पॉवरला लावा, मग बॅगा ठेवा. आणि टेबलावरचं सॅनिटायझर उचलून लांब नेऊन ठेवा.