मॉरिशसला ‘छोटा भारत’ समजून जाऊ नये

आपला मुलगा मॉरिशसमधील एका हॉटेलात करारावर रुजू होत आहे आणि ‘तो तर छोटा भारतच आहे, मग तिथल्या लोकांविषयी वेगळे काय समजून घ्यायचे?’ असे आपण विचारले आहे. साखर कारखान्यांच्या यंत्रसामग्रीच्या कामानिमित्त माझे त्या देशात जाणे झालेले असल्याने थोडे सविस्तर लिहितो. ‘छोटा भारत’ हे वर्णन आपल्याकडच्या सहल कंपन्यांना सोयीचे असले, तरी तिथे राहून काम करणाऱ्याची त्याने दिशाभूल होते.

सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरच्या, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान अशा या बेटावर मूळचे रहिवासी असे कोणीच नव्हते. डच १५९८ मध्ये उतरले आणि १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. त्यानंतर १७१५ पासून फ्रेंचांनी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणून वसाहत उभी केली. इंग्रजांनी १८१० मध्ये बेट जिंकले खरे, पण शरणागतीच्या वेळी फ्रेंच रहिवाशांचे कायदे, भाषा आणि धर्म कायम राखण्याचे मान्य केले. त्यामुळे पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ इंग्रजांचे राज्य असूनही वृत्तपत्रे, दुकाने आणि प्रतिष्ठितांच्या बैठका फ्रेंचमध्येच चालत राहिल्या.

आपल्यासारख्या उसाच्या मुलखातील माणसाला पुढचा भाग लवकर उमजेल. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा नुकसानभरपाई मालकांना मिळाली, गुलामांना नाही. आणि मुक्त झालेल्या बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. ऊस तोडायला माणसे हवीत म्हणून १८३४ पासूनच करारबद्ध मजूर आणले जाऊ लागले आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय राजधानी पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. तो धक्का, म्हणजे आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. शेतात अजूनही काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतात. ते या मजुरांनी आणि त्यांच्या आधीच्या गुलामांनी जमिनीतून वेचून काढलेले आहेत. आपल्याकडे उसाभोवती सहकार उभा राहिला, तिथे मोठे मळे आणि कारखाने बराच काळ मोजक्या फ्रेंचवंशीय घराण्यांच्या हाती राहिले. हा फरक लक्षात घेतला नाही, तर तिथल्या राजकारणातील अर्ध्या गोष्टी कळत नाहीत.

भारतीय वंशाचे लोक लोकसंख्येच्या सुमारे दोन तृतीयांश आहेत, हे खरे. परंतु त्यांत एकूण लोकसंख्येच्या सतरा-अठरा टक्के असलेले मुसलमान आले, तमिळ आणि तेलुगू आले, आणि संख्येने थोडे असलेले मराठीही आले. तिथल्या रोजच्या बोलण्यात ‘हिंदू’ म्हणजे बहुधा भोजपुरी मुळाचे लोक. तमिळ किंवा मराठी माणूस स्वतःचा समाज वेगळा सांगतो. राज्यघटना हिंदू, मुस्लिम, चिनी आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ असे चार समाज मानते. या चौथ्या गटात गुलामांचे वंशज क्रिओल आणि मळेमालकांचे वंशज असे दोघेही एकत्र बसवलेले आहेत, ही मला नेहमीच विचित्र वाटलेली बाब! संसदेत निवडून आलेल्या ६२ सदस्यांखेरीज समाजांचा तोल राखण्यासाठी आणखी आठ जागांपर्यंत भरता येतात आणि त्यासाठी आजही १९७२ च्या जनगणनेचा आधार घेतला जातो.

हा तोल नाजूक आहे. स्वातंत्र्याच्या तोंडावर, जानेवारी १९६८ मध्ये, पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान यांच्यात दंगली झाल्या. १९९८ मध्ये नव्या नोटांवर तमिळ मजकुराच्या आधी हिंदी मजकूर छापला गेला, तेव्हा तमिळांच्या संतापामुळे सरकारला त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. पुढच्याच वर्षी काया या लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाल्यावर देशभर उद्रेक झाला. म्हणून मुलाला एवढे अवश्य सांगावे, की सहकाऱ्याला त्याची जात किंवा ‘मूळ गाव’ विचारण्याची आपली सवय तिथे आवरती घ्यावी आणि क्रिओल सहकाऱ्यासमोर ‘हा तर आपलाच देश’ असे चुकूनही म्हणू नये.

हॉटेलात काम करायचे तर हिंदीवर फारसे विसंबून चालणार नाही. कायदे आणि सरकारी कागद इंग्रजीत, पाहुण्यांशी बोलणे बरेचसे फ्रेंचमध्ये आणि स्वयंपाकघरापासून बसथांब्यापर्यंत सगळे व्यवहार क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचपासून घडलेल्या तिथल्या बोलीत. बहुतेक भारतीय वंशीय घरांतही आता क्रिओलच बोलली जाते. जाण्यापूर्वी कामापुरती फ्रेंच शिकून घ्यावी. क्रिओल तिथे कानावर पडून येते. जेवणाची चिंता नको. दोन पातळ पोळ्यांत घेवड्याची भाजी आणि चटणी घालून गुंडाळलेली ‘ढोल पुरी’ रस्तोरस्ती मिळते, आणि ती सगळ्याच समाजांचे लोक खातात. तांबडा-पांढरा मात्र विसरावा लागेल.

तिथल्या मराठी मंडळींविषयीही आपण विचारले आहे. त्यांचे पूर्वज प्रामुख्याने कोकणातून गेले. गणपतीत ते ‘झाकरी’ नाचतात, जी आपल्या कोकणातील जाखडीच आहे. गणेश चतुर्थीनिमित्त देशाला सार्वजनिक सुट्टी असते, शाळांत मराठी विषय घेता येतो आणि २०२३ मध्ये तिथे शिवाजी महाराजांचा पुतळाही उभारला गेला. ते अगत्याने वागवतील, मात्र त्यांच्याकडून अस्खलित मराठीची अपेक्षा ठेवू नये, आणि त्यांची भाषा सुधारण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नये.

करारात रॉड्रिग्ज बेटावरील हॉटेलचा उल्लेख असेल, तर आधी खात्री करून घ्यावी. ते मुख्य बेटापासून साडेपाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, २००२ पासून तिथे स्वायत्त कारभार आहे आणि वस्ती जवळजवळ संपूर्ण क्रिओल व कॅथलिक आहे.