पोरं न्यायची का ठेवायची, हे फॉर्म भरायच्या आधी ठरव

अगं, तुझा मेसेज वाचला. परदेशात शिकायला जायच्या स्कॉलरशिपचं सगळं विचारलंयस आणि शेवटी एका ओळीत 'पोरं लहान आहेत, जमंल का' असं लिहिलंयस. खरा प्रश्न तोच आहे, त्यामुळं आधी त्याचंच बोलू. जमतं. मीपण पोरं घेऊनच गेले होते. पण आधी युनिव्हर्सिटी निवडायची आणि पोरांचं मग बघू म्हणायचं, असं केलंस की सगळं एकदम अंगावर येतं, म्हणून देश कुठला, कोर्स किती वर्षांचा, हे दोघांची वयं समोर ठेवून ठरव. थोरला सहाचा आणि धाकटी दोनची, म्हणजे दोघांचा हिशोब वेगळा आहे.

पहिलं पैशाचं. आपल्या राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घे किंवा केंद्राची नॅशनल ओव्हरसीज घे, फी भरतात, विमानाचं तिकीट देतात, पण राहण्याखाण्याचे जे पैसे येतात ते एका माणसाचे. यूकेला वर्षाला ९,९०० पौंड, म्हणजे महिन्याला ८२५. आणि लंडनमधे दोन वर्षांच्या पोरीला दिवसभर नर्सरीत ठेवायचं तर महिन्याला हजार पौंडाच्या वर सहज जातात. तुझं भाडं, जेवण अजून धरलंच नाही. अमेरिकेला जायच्या फुलब्राईट-नेहरू स्कॉलरशिपच्या मास्टर्समधे कुटुंबासाठी काही तरतूद नाही. यूकेची कॉमनवेल्थ स्कॉलरशिपवाले एकट्या पालकाला, म्हणजे विधवा, घटस्फोटित वगैरे, पोरं सोबत राहत असतील तर त्यांचा भत्ता देतात, जर्मनीच्या डाड (डीएएडी) या संस्थेच्या काही स्कॉलरशिपमधेही कुटुंबासाठी पैसे असतात. त्यामुळं कुठलीही माहितीपुस्तिका उघडलीस की सगळ्यात आधी 'डिपेंडंट', म्हणजे सोबत येणाऱ्या नवरा-पोरांचा भाग वाच, बाकीचं नंतर.

आता एक गोष्ट सांगते जी तुला कोणी सांगणार नाही. इंग्लंडमधे तीन-चार वर्षांच्या सगळ्या पोरांना शाळेच्या टर्ममधे आठवड्याला १५ तास नर्सरी फुकट असते, आणि चार पूर्ण झाली की पुढच्या सप्टेंबरपासून सरकारी शाळा, तीपण फुकट. थोरला तर थेट शाळेतच जाईल. म्हणजे तू एक वर्ष थांबून अर्ज केलास तर धाकटीच्या खर्चातला मोठा भाग आपोआप कमी होतो. वर्ष वाया गेलं असं म्हणू नको, त्या वर्षात आयईएल्टीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, नीट दे, एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारा निबंध, दहा वेळा लिही. फक्त वयाची अट बघून घे, आपल्या राज्याच्या आणि केंद्राच्या योजनांना मास्टर्ससाठी ३५ ची मर्यादा असते.

व्हिसाचं पण बदललंय. जानेवारी २०२४ पासून यूकेत साध्या शिकवणीच्या मास्टर्सला नवरा-पोरांना नेता येत नाही, पीएचडी, रिसर्च कोर्स किंवा पूर्ण सरकारी पैशावर शिकणारे असतील तरच. राज्य सरकारची स्कॉलरशिप त्यात धरतात का, हे युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला मेल करून लेखी घे, एजंटच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नको. हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिकडच्या सरकारी दवाखान्यांसाठी व्हिसाबरोबर भरायची फी, पोरांचापण लागतो, माणशी वर्षाला ७७६ पौंड. अमेरिका ठरली तर लस कार्ड आत्ताच काढून बघ, आपल्या सरकारी दवाखान्यात गोवर-रुबेलाची देतात, गालगुंड आणि कांजिण्यांची नसते, आणि तिकडच्या शाळा दोन्ही मागतात.

समजा दोघांना इथंच ठेवायचं ठरलं, तर त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, एक वर्षाच्या कोर्सला कधीकधी तेच शहाणपणाचं असतं. पण मग ते ठरवल्यासारखं ठरव. 'आम्ही हाय की, तू जा बिनघोर' असं सासूबाई म्हणतील, आणि मनापासूनच म्हणतील, तरी त्यांच्याबरोबर बसून बोल, की शाळेत कोण सोडणार, रात्री ताप आला तर कुठल्या डॉक्टरकडं न्यायचं, सह्या कोण करणार. घर नदीकडच्या भागात असेल तर जुलै-ऑगस्टात पोरं कुठं राहणार तेपण ठरव, २०१९ च्या महापुराचं पाणी तू बघितलंयस. व्हिडिओ कॉलची वेळ एकच ठेव. कोल्हापुरात रात्रीचे साडेआठ म्हणजे हिवाळ्यात लंडनला दुपारचे तीन, त्या वेळेचं लेक्चर घेऊ नको, लायब्ररीतनं बाहेर येऊन बोल.

आपण बाबासाहेबांचं उदाहरण सारखं देतो. १९१३ साली ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले तेव्हा त्यांचा मुलगा यशवंतराव वर्षाचेपण नव्हते. १९२० मधे पुन्हा लंडनला निघाले तेव्हा आपल्या शाहू महाराजांनी मदत केली. हे सगळं आपल्याला पाठ असतं, पण त्या सगळ्या वर्षांत घर रमाईंनी रेटलं, हाल सोसले, पोरं गमावली. मला ते वाचताना नेहमी वाटतं की मागं राहणाऱ्या माणसाचा वाटा स्कॉलरशिपच्या हिशोबात कुणीच धरत नाही, तर तू तरी धर. नवऱ्याला रजा लागेल, सासूबाईंना मदतीला बाई लागेल, त्याचे पैसे आधीच बाजूला काढ.

सोबत नेलंस तर सुपरवायझरला पहिल्याच भेटीत पोरांचं सांग. लाजू नको आणि माफीच्या सुरातही सांगू नको, सरळ म्हण की नर्सरी सहाला बंद होते, मीटिंग चारच्या आत ठेवा. तिकडं पोराला उलटी-जुलाब झाले की थांबल्यावर ४८ तास नर्सरीत घेत नाहीत, तुझं सबमिशन उद्या असलं तरी. म्हणून कुठलंही काम शेवटच्या दोन दिवसांवर ठेवायचंच नाही, आणि पोहोचल्या पोहोचल्या बिल्डिंगमधल्या एका तरी आईशी ओळख कर. मी आणि एक नायजेरियन बाई आळीपाळीनं एकमेकींची पोरं सांभाळायचो, तिची परीक्षा असली की तिचा मुलगा माझ्याकडं वरणभात खायचा, माझ्या चॅप्टरच्या आदल्या रात्री माझी दोघं तिच्याकडं झोपायची. माझा थिसिस त्यावर पुरा झाला.

रविवारी सकाळी ये राजारामपुरीत. नवऱ्यालापण घेऊन ये, हे सगळं त्यानंपण ऐकायला पाहिजे. दोघांचे जन्मदाखले आण, महापालिकेच्या दाखल्यावर कधीकधी बाळाचं नावच घातलेलं नसतं, आणि पासपोर्टला तिथंच अडतं. पोरांच्या पासपोर्टला आई-बाप दोघांची संमती लागते, ते अ‍ॅनेक्शर डी आपण इथंच भरून टाकू.