बीपीडीमुळे हृदयाला धोका असतो का?

तुम्ही लिहिलंय की वय 29 आहे, दोन वर्षांपूर्वी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं (बीपीडी, म्हणजे भावना पटकन अनावर होणारा मानसिक विकार) निदान झालं, भांडण झालं की छाती इतकी धडधडते की आता संपलंच असं वाटतं, आणि ईसीजी मात्र नॉर्मल येतो. मी डॉक्टर नाही. मलाही बीपीडी आहे आणि निदानाला आता बारा वर्षं झाली, म्हणून लिहिते आहे.

धोका असतो. पण तुम्हाला ज्या रात्रींची भीती वाटते, त्या रात्री सहसा धोक्याच्या नसतात. भांडणात अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळतं, ठोके वाढतात, हात गार पडतात आणि थोड्या वेळाने सगळं ओसरतं. निरोगी हृदय एवढं सोसतं. खरं नुकसान होतं ते हळूहळू, आपलं लक्ष नसताना: अर्धवट झोप, सिगारेट, कधी उपाशी तर कधी नको इतकं खाणं, गोळ्यांनी वाढलेलं वजन, आणि महिनोन्महिने न तपासलेलं बीपी.

अमेरिकेत बोस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलमध्ये मेरी झनारिनी यांनी 1992 पासून बीपीडीच्या 290 रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सहा वर्षांनी पाहिलं, तर ज्यांचा आजार शमला नव्हता त्यांच्यात लठ्ठपणा, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि पाठदुखी जास्त होती. सावरलेल्यांमध्ये हे सगळं कमी होतं. हे वाचून मला आधी धडकी भरली. मग दुसरा आकडा सापडला: त्याच अभ्यासात दहा वर्षांत 93 टक्के लोकांची लक्षणं किमान दोन वर्षं शमलेली राहिली. हा आकडा मी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलाय.

आणखी एक गोष्ट. निरोगी माणसाचे ठोके श्वास घेताना किंचित वाढतात आणि सोडताना उतरतात. हे काम व्हेगस नावाचा मज्जातंतू करतो, एक प्रकारे हृदयाचा ब्रेकच तो. बीपीडी असलेल्यांमध्ये हा चढउतार सरासरीने कमी आढळतो. म्हणजे भांडण मिटलं तरी शरीर लवकर निवत नाही, हा आपल्या मनाचा खेळ नाही.

आता माझं सांगते. चौतिसाव्या वर्षी रात्री अकराला भाऊ मला कॅज्युअल्टीत घेऊन गेला. ईसीजी नॉर्मल आला. माझ्या गोळ्यांची यादी बघून डॉक्टर म्हणाले, ‘टेन्शन घेऊ नका, घरी जाऊन झोपा.’ हार्ट अटॅक नव्हता, तेवढं त्यांचं बरोबरच होतं. पण सिस्टरने केसपेपरच्या कोपऱ्यात 156/98 लिहिलं होतं, ते कुणीच पुन्हा मोजलं नाही. घाबरल्यामुळे वाढलं असेल असं सगळ्यांनी धरलं, मीसुद्धा. दोन वर्षांनी दाढ काढायला गेले, तर डेंटिस्टने बीपी मोजलं आणि दाढ काढायलाच नकार दिला. मग आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून घरी मोजलं. शांत दिवशीही ते चढलेलंच होतं.

फिजिशियनने बीटा ब्लॉकर दिली. डीबीटी या बीपीडीसाठीच्या थेरपीमधलं एक कौशल्य मी तेव्हा बरीच वर्षं वापरत होते: भावना अनावर झाली की श्वास रोखून गार पाण्याच्या टोपात तोंड बुडवायचं. त्याने ठोके झपकन उतरतात, पाण्यात बुडी मारणाऱ्या प्राण्यांचे उतरतात तसेच. नवी गोळी सुरू झाल्याचं मी थेरपिस्टना सहज बोलता बोलता सांगितलं, तर त्या एकदम थांबल्या. ‘अगं, मग गार पाणी बंद. आधी फिजिशियनना विचार.’ ही गोळी ठोके आधीच कमी ठेवते, त्यात गार पाण्याने आणखी उतरले तर चक्कर येऊन पडायला होऊ शकतं. हृदयाचा त्रास किंवा खाण्याचा विकार असेल तरी आधी विचारायलाच हवं. फिजिशियन आणि थेरपिस्ट दोघंही चांगले होते, पण एकाचं दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून एकाच वहीत सगळ्या गोळ्या लिहिते आणि ती वही दोघांच्याही टेबलावर ठेवते.

तुम्हीही पुढच्या भेटीत सायकिएट्रिस्टना स्पष्ट विचारा की माझ्या गोळ्यांनी वजन किंवा साखर वाढते का. ओलान्झापिन आणि क्वेटियापिनने वाढू शकते. अशी गोळी सुरू करताना, तीन महिन्यांनी आणि मग दरवर्षी उपाशीपोटी साखर तपासतात, सोबत लिपिड प्रोफाइलही करतात. माझं एका वर्षात अकरा किलो वजन वाढलं आणि मी ते आळसाच्या खात्यावर टाकलं. गोळी मात्र स्वतःहून सोडू नका, कृपा करून. कंबर मोजा: आपल्याकडे बायकांना 80 आणि पुरुषांना 90 सेंटीमीटरची मर्यादा धरतात. 52 देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक साधारण 53 व्या वर्षी आला, इतरांना 59 च्या आसपास. म्हणून तिशी ही तपासण्या सुरू करायला लवकर नाही. सिगारेट ओढत असाल तर सगळ्यात आधी तिच्याबद्दल बोला.

छातीवर दाब येऊन तो ओसरत नसेल, दुखणं जबड्यात, हातात किंवा पाठीत जात असेल, घाम फुटला, दम लागला किंवा शुद्ध हरपली, तर ‘हे माझं नेहमीचंच’ म्हणून घरी बसू नका. 108 ला फोन करा. आणि दुखणं मनातलं असेल, रात्र निघत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

तो नॉर्मल आलेला ईसीजी फेकू नका. त्याची झेरॉक्स काढून ठेवा, कारण त्या कागदावरचा आलेख काळाने फिका पडतो आणि पुढच्या वेळी तुलनेसाठी डॉक्टर जुना ईसीजी हमखास मागतात.