परवाना कुणाच्या नावावर आहे, ते आधी बघा

तुमच्या भागात सलग 19 तास वीज नव्हती. खासगी कंपनीचा माणूस म्हणाला, वरूनच सप्लाय नाही. सरकारी वीज कंपनीच्या कार्यालयात गेलात तर उत्तर मिळालं, शहर आता आमच्याकडे नाही. आणि आमदारांच्या कार्यालयातून सांगितलं, खासगी कंपनी आहे, त्यात सरकार काय करणार. तिन्ही दारं फिरून झाल्यावर तुम्ही विचारताय की मग जबाबदार कोण.

मी 31 वर्षं वीज खात्यात काढली, त्यातली बरीचशी सबस्टेशनवर. निवृत्तीनंतर लोकांचे तक्रार अर्ज लिहून देतो, त्यामुळे ही तीन उत्तरं माझ्या चांगल्या ओळखीची आहेत. पहिलं उत्तर कधी कधी खरं असतं. दुसरं आणि तिसरं मात्र कायद्यात बसतच नाही.

तुमच्या शहरात जे झालंय त्याला वितरण फ्रँचायझी म्हणतात. वीज विकण्याचा परवाना सरकारी कंपनीच्याच नावावर राहतो. खासगी कंपनी तिच्या वतीने मीटर वाचते, बिल वसूल करते, लाईन सांभाळते. विद्युत कायदा 2003 मधल्या कलम 14 चं सातवं परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेलं "परंतु"चं वाक्य, याच व्यवस्थेबद्दल आहे. परवानाधारकाने आपल्या क्षेत्रातलं वितरण दुसऱ्याकडून करून घेतलं तर त्या दुसऱ्याला वेगळा परवाना लागत नाही, असं ते सांगतं. पण त्याच वाक्यात पुढे म्हटलंय की त्या क्षेत्रातल्या वितरणाला जबाबदार मूळ परवानाधारकच राहील. म्हणजे खासगी कंपनीला काम मिळालं ते ज्या वाक्याच्या आधारावर, त्याच वाक्याने सरकारी कंपनीला बांधून ठेवलंय. "शहर आमच्याकडे नाही" हे उत्तर पुन्हा कुणी दिलं तर हे कलम लिहून द्या आणि पोच घ्या. तोंडी वाद घालत बसू नका.

मुंबईची गोष्ट वेगळी. तिथे अदानी आणि टाटा यांच्याकडे स्वतःचे परवाने आहेत. दिल्लीतही जुलै 2002 मध्ये वितरण तीन कंपन्यांकडे गेलं, त्यांत 51 टक्के भाग खासगी आणि 49 टक्के दिल्ली सरकारचा. अशा ठिकाणी परवानाधारक खासगीच असतो आणि त्याच्या वर थेट वीज नियामक आयोग. तुमचं तसं नाही. तुमच्याकडे मध्ये एक सरकारी मालकीची कंपनी अजून उभी आहे.

आता "वरून सप्लाय नाही" याबद्दल. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईतली वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. ते खरोखर वरून होतं. कळवा-पडघा पट्ट्यातल्या 400 केव्ही पारेषण यंत्रणेत बिघाड झाला होता. पण वरून वीज जाते तेव्हा ती अख्ख्या परिसराची जाते. तुमच्या मागच्या गल्लीत त्या रात्री दिवे होते का? त्याच सबस्टेशनवरच्या दवाखान्यात, पाण्याच्या पंपावर वीज होती का? असेल तर बिघाड तुमच्या 11 केव्ही फीडरवर (सबस्टेशनवरून तुमच्या भागाकडे येणाऱ्या लाईनवर) किंवा त्याच्याही खाली होता. तो शोधणं, दुरुस्त करणं हे शहर चालवणाऱ्याचंच काम. एवढी एक गोष्ट शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून वेळेसकट लिहून ठेवा.

ही व्यवस्था अशी का वागते हे समजून घ्यायला तिचं गणित बघावं लागतं. शहराच्या हद्दीवर मीटर असतो. तिथे जेवढी युनिट आत येतात तेवढ्यांचे पैसे फ्रँचायझी आपण बोलीत लावलेल्या दराने सरकारी कंपनीला देते. ग्राहकाकडून ती आयोगाने ठरवलेल्या दरानेच वसूल करते. मधला फरक तिचा. म्हणून वीजचोरीतून वाचलेलं प्रत्येक युनिट तिच्या खिशात पडतं. भिवंडीत जानेवारी 2007 पासून टोरंटकडे वितरण गेलं, तो देशातला पहिला प्रयोग. तेव्हा तिथली वितरण आणि वसुलीची हानी, म्हणजे पैसे हातात न आलेली वीज, अर्ध्याहून जास्त होती आणि ती खूप खाली आली. हे श्रेय द्यायलाच हवं, मी सरकारी खात्यातला असलो तरी.

पण याच गणितात एक खोट आहे. रात्री दोन-तीन तास वीज गेली तर कंपनीची विक्री बुडते ती थोडीच. जुनी केबल किलोमीटरभर बदलायची म्हटलं तर खर्च मोठा, आणि त्याचा फायदा कित्येक वर्षांनी दिसणार. मीटर बदलायला माणसं दोन दिवसांत दारात येतात, केबल मात्र जॉइंटवर जॉइंट मारून चालवली जाते. कराराची शेवटची वर्षं आली की हे आणखी वाढतं. इथेच सरकारी कंपनीने डोळ्यांत तेल घालून बघायचं असतं. कोणत्या वर्षी किती ट्रान्सफॉर्मर, किती केबल, कोणती देखभाल, हे करारात लिहिलेलं असतं आणि ते तपासायला अधिकारी नेमलेले असतात. तो तपासणारा गप्प बसला तर दोष एकट्या खासगी कंपनीचा राहत नाही.

माझ्याच गल्लीतली एक रात्र सांगतो. शहराचं आणि कंपनीचं नाव घेत नाही. मे महिना, रात्री अकरा वाजून वीस मिनिटं. कोपऱ्यावर रस्त्याखाली केबलचा जॉइंट फुटला, आवाज घरात ऐकू आला. शेजारच्या काकांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागायचा. काकूंनी बॅटरीचा टॉर्च घेऊन आमचं दार वाजवलं. मी खाली गेलो तर कंत्राटावरची दोन पोरं, पायात स्लीपर, हातात ग्लोव्हज नाहीत. फॉल्ट शोधायची व्हॅन दुसऱ्या शहरात गेलेली. तरीही अर्ध्या तासात वीज येऊ शकत होती, कारण आमचा फीडर रिंगवर आहे, म्हणजे त्याला दोन बाजूंनी वीज देता येते. कोपऱ्यावरच्या आरएमयूचा (रस्त्यावरच्या स्विचच्या पेटीचा) स्विच फिरवून दुसऱ्या बाजूने बॅकफीड द्यायचा, एवढंच. ते पोरगं दोन्ही हातांनी हँडल ओढत होतं आणि हँडल जागचं हलत नव्हतं. गंज चढला होता. नेमाने देखभाल झालेला आरएमयू असा अडकत नाही. कित्येक वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता, हे मला बॅटरीच्या उजेडातही दिसत होतं.

काकांसाठी रात्री दोन वाजता रिक्षातून सिलेंडर आणला. वीज आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेचारला.

आम्ही ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे गेलो. सुनावणीत खासगी कंपनीचा प्रतिनिधी म्हणाला, रस्ता खोदणाऱ्यांनी केबल दुखावली. सरकारी कंपनीचे अभियंता म्हणाले, ऑपरेशन आमच्याकडे नाही. मी विचारलं, परवाना कुणाच्या नावावर आहे? अध्यक्षांनी तोच प्रश्न त्यांना पुन्हा विचारला आणि फीडरचं लॉगबुक मागवलं. त्या एका महिन्यात आमचा फीडर 11 वेळा ट्रिप, म्हणजे बिघाडाने आपोआप बंद, झाला होता. आदेश परवानाधारकावर निघाला. भरपाई प्रत्येक घराला काहीशेच रुपये मिळाली, पण त्या फीडरवरच्या सगळ्या आरएमयूंच्या देखभालीचं वेळापत्रक द्या, असंही आदेशात होतं. चार महिन्यांत आमच्या कोपऱ्यावर नवा आरएमयू बसला. काकूंनी त्या दिवशी त्याच्यासमोर उभं राहून नमस्कार केला, तो मी बघितलाय.

आता तिसरं दार, सरकार. सरकार हात झटकू शकतं का? जिथे खासगी कंपनीला जमलं नाही तिथे काय झालं ते बघा. औरंगाबादमध्ये (आता छत्रपती संभाजीनगर) 2011 ला जीटीएलकडे वितरण गेलं, थकबाकीवरून 2014 मध्ये करार संपवावा लागला. जळगावची फ्रँचायझी 2015 मध्ये संपली. नागपुरात महाल, गांधीबाग, सिव्हिल लाइन्स हे विभाग 2011 पासून एसएनडीएलकडे होते, सप्टेंबर 2019 मध्ये तेही महावितरणने परत घेतले. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी खांबावर चढले ते महावितरणचे लाईनमन.

ओडिशाचा धडा याहून मोठा आहे. तिथे 1999 मध्ये राज्यभरातलं वितरण खासगी झालं. मध्य विभाग अमेरिकेच्या एईएस कंपनीने घेतला, आणि दोन महिने होत नाहीत तोच 29 ऑक्टोबर 1999 चं महाचक्रीवादळ आलं. खांब, तारा, सगळं आडवं झालं. 2001 मध्ये एईएस निघून गेली. वीज बंद ठेवून चालणार नव्हतं, म्हणून आयोगाला प्रशासक नेमावा लागला. उरलेल्या तीन विभागांचे रिलायन्सकडचे परवाने आयोगाने 2015 मध्ये रद्द केले. 2020-21 मध्ये चारही विभाग टाटा पॉवरकडे गेले, ते राज्य सरकारच्या ग्रिडको कंपनीचा 49 टक्के भाग ठेवून. जे शेवटी सरकारच्याच अंगावर येणार आहे, त्यावर पहिल्या दिवसापासून सरकारने लक्ष ठेवायला नको का? म्हणून "सरकार काय करणार" हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. तुमच्या शहरातल्या परवानाधारक कंपनीचा मालक सरकार आहे. तिचे संचालक सरकार नेमतं. आयोगाचे सदस्यही राज्य सरकारच नेमतं आणि कलम 108 खाली लोकहिताच्या धोरणाबाबत आयोगाला निर्देश देऊ शकतं. विद्युत निरीक्षक हा तर थेट सरकारी अधिकारी. शॉक लागून माणूस किंवा जनावर दगावलं तर चौकशी त्याच्याकडेच जाते, लाईन खासगी सांभाळत असो वा सरकारी. आमदारांना यातला एकेक मुद्दा पत्रात लिहून विचारा आणि उत्तरही लेखीच मागा.

तुम्ही करायचं ते असं. कॉल सेंटरचा तक्रार क्रमांक आणि एसएमएस जपून ठेवा, त्याशिवाय वेळ सिद्ध होत नाही. मग लेखी तक्रार करा, खासगी कंपनी आणि सरकारी कंपनी दोघांना एकाच पत्रात. फ्यूज, तार, भूमिगत केबल, ट्रान्सफॉर्मर अशा प्रत्येक बिघाडाला किती तासांत वीज परत यायला हवी, हे महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या 2021 च्या विनियमांत दिलंय. कलम 57 प्रमाणे त्यापुढे भरपाई द्यावी लागते. दाद लागली नाही तर मंच, घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. तिथे वकील लागत नाही. मंचाचा निकाल पटला नाही तर मुंबईत किंवा नागपुरात विद्युत लोकपाल आहेत, त्यांच्याकडे 60 दिवसांत जायचं.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. खासगी कंपनी म्हणेल आम्हाला तो कायदा लागू नाही. तिच्याशी त्यावर भांडू नका, अर्ज सरकारी कंपनीलाच करा. खासगी संस्थेची जी माहिती सरकारी यंत्रणा कायद्याने मागवू शकते, तीही कलम 2(एफ) प्रमाणे "माहिती"च असते. मागा काय, तर तुमच्या फीडरच्या गेल्या 12 महिन्यांतल्या ट्रिपिंगच्या नोंदी, फ्रँचायझी कराराची प्रत, आणि कराराप्रमाणे झालेल्या तपासणीचे अहवाल. तिसरी मागणी विसरू नका. तपासणी झालीच नसेल तर तेही लेखी मिळेल, आणि मंचापुढे तो कागद फार उपयोगी पडतो.

एकट्याने अर्ज करू नका. त्याच ट्रान्सफॉर्मरवरची दहा-बारा घरं एकत्र आली की लॉगबुकशी ताळा घालणं सोपं जातं. घरात कुणी मशीनवर असेल, डायलिसिसचा किंवा ऑक्सिजनचा रुग्ण असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ते वेगळ्या परिच्छेदात लिहा आणि अशा घरांची यादी सबस्टेशनवर लावायची मागणी करा. बिलावर फीडरचं आणि डीटीसीचं (तुमच्या भागाच्या ट्रान्सफॉर्मरचं) नाव किंवा क्रमांक आहे का ते बघा आणि वीज गेल्याची, आल्याची वेळ इथे लिहा. अर्जाचा मसुदा मी करून देतो.