बाथरूममध्ये शॉवरच्या वर एलईडी लावली तर शॉक बसेल का? दिवा कोणता निवडावा?

चार बाय सहाची बाथरूम, वर माळा, आणि शॉवरच्या बरोबर डोक्यावर गोल एलईडी लावायची तुमची इच्छा. माझं मत आधीच सांगतो: तिथे नका लावू. आणि दिव्यांच्या दुकानात जाण्याआधी वायरमनला बोलावून बटण तपासून घ्या.

हे अनुभवाने सांगतोय. डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या घरात बाथरूमला पिन होल्डरचा साधा बल्ब होता. तो उडाला म्हणून बटण बंद करून मी स्टुलावर चढलो. ओला अंगठा आत पिनेला लागला आणि असा झटका बसला की स्टूल एकीकडे, मी एकीकडे. बटण तर बंद होतं! मग कळलं, कुणा वायरमनने बटण फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रलवर (परत नेणारी तार) जोडलं होतं. अशा वेळी दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत २३० व्होल्ट तसेच उभे असतात. बटण बंद केल्यावरही तुमचा एलईडी मिणमिणत असेल तर हा संशय जरूर घ्या. (बटणातच छोटा लाल दिवा असेल तर त्यानेही मिणमिणतो, म्हणून लगेच घाबरू नका.) तेव्हापासून मी बल्ब बदलायचा तर मेन पाडूनच बदलतो.

दुसरं, बोर्डात एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. ओल्या अंगातून ५० मिलिअँपिअर गेले तरी जिवावर बेतू शकतं, आणि ६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसाला वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पुरता परत येतोय का, एवढंच तो पाहत बसतो. फरक आला की क्षणात पडतो, म्हणजे वीज तोडतो. जुन्या इमारतीत अर्थिंग नसलं तरी तो काम करतो, फक्त बिघाड आधी कळत नाही, कुणी हात लावल्यावरच तो पडतो. म्हणून अर्थिंगही करून घ्या, विशेषतः गीझर असेल तर.

आता जागा. फिटिंगच्या खोक्यावर आयपी आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी २० म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही, आयपी ४४ ला कुठूनही उडालेले शिंतोडे चालतात, आयपी ६५ ला पाण्याचा फवारा. शॉवरखालची जागा जमिनीपासून सव्वादोन मीटर उंचीपर्यंत धोक्याची धरतात. माळ्यामुळे तुमचं छत साधारण सात फुटांवर, म्हणजे त्या हद्दीच्या आतच येतं, आणि हात वर केला की लागतं. शिवाय डाउनलाइटवर (छतात बसवायचा दिवा) आयपी ६५ लिहिलेलं असलं तरी ते बहुतेकदा फक्त समोरच्या काचेपुरतं असतं, मागची बाजू उघडीच. दाराच्या वर, शॉवरपासून दूर, पॉलिकार्बोनेटचं (एक मजबूत प्लास्टिक) बंद बल्कहेड, म्हणजे झाकणाचा भिंतीवरचा दिवा, लावा. वायर खालून आत घ्यायला लावा. वरून भोक पाडलं की झाकणाखालच्या रबराच्या पट्टीचा उपयोग संपला, वाफेचं पाणी थेट आत. कोकणात किंवा समुद्राजवळ राहत असाल तर स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, साधे दोन पावसाळ्यांत गंजतात.

उजेड किती? तुमच्या चोवीस चौरस फुटांना ९ वॅटचा एलईडी, म्हणजे साधारण ८०० ते ९०० ल्यूमेन, पुरून उरेल. रंग ४००० केल्विन घ्या. ६५०० चा पांढराफटक उजेड स्वस्तात मिळतो म्हणून घेतात आणि मग आरशात सगळेच आजारी दिसतात. दाढी करायची असेल तर छतावरचा एकटा दिवा कामाचा नाही, हनुवटीखाली सावली पडते. आरशाच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांच्या उंचीवर दिवे असले तर उत्तम. पण तुमच्याकडे तेवढी भिंत कुठे? आरशावर एक आडवी पट्टी, आयपी ४४ ची, पुरे. बटणं मात्र सगळी दाराबाहेर.

घरात म्हातारं माणूस असेल तर रात्रीसाठी पॅसेजमध्ये एक झिरोचा दिवा ठेवा. झोपेतून उठून एकदम झगझगीत उजेडात गेलं की क्षणभर काही दिसत नाही आणि ओल्या लादीवर पाय घसरतो.

आरसीसीबी बसवलात तर त्याच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. पडला तर ठीक, नाही पडला तर बदला. आमच्याकडे लाइटबिल आलं की हे काम आई करते, न सांगता, आणि नेमकं मी ऑफिसच्या कॉलवर असताना.